टँकर रिता होईस्तोवर

बालवाडीच्या खोलीपासून गावच्या विहिरीपर्यंत एकशे दहा पावलं होती. ही सातवीतल्या मुलीची पावलं. मी ती मोजली होती, कारण धाकट्या बहिणीला किती लागतील याचा अंदाज घ्यायचा होता. वाट उताराची होती. खोलीला चौकट होती, दार नव्हतं. दाराची फळी दोन वर्षांपूर्वी निखळली होती आणि नव्या दाराचा ठराव ग्रामपंचायतीत तेव्हापासून मंजूर होऊन पडला होता. चार वर्षांचं मूल उंबऱ्यातून निघालं तर विहिरीपर्यंत त्याला अडवणारं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळाचं ते वर्ष. आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं, डांबरी रस्त्यापासून आत. त्या वर्षी ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचं धुराडं संक्रांतीनंतर लगेच थंड झालं आणि तोडणीला गेलेल्या टोळ्या होळीआधीच परत आल्या. आमची आईही त्यांच्यातच आली. वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. विहिरीनं माघातच तळ दाखवला होता. एक दिवसाआड टँकर यायचा, जाड पाइप विहिरीत सोडायचा आणि रिता होऊन निघून जायचा. मग पोहरे टाकून ज्यानं त्यानं पाणी शेंदायचं.

विहीर चाळीस फूट खोल होती. टँकर रिता झाला तरी तळाशी कमरेएवढंच पाणी साठायचं आणि त्याखाली काळा खडक होता. म्हणजे बुडायच्या भीतीहून दगडावर पडायची भीती मोठी होती. शेजारच्या गावात एक मुलगी अशी पडल्याचं आम्ही ऐकलं होतं. खरं काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि पुढं बातम्या लिहायच्या नोकरीत लागल्यावरही पडताळता आलं नाही. पण त्या उन्हाळ्यात ती मुलगी रोज माझ्या डोळ्यांसमोर पडत होती.

विहिरीला कठडा होता. पूर्वेकडे मात्र तो ढासळला होता. टँकरचा पाइप तिथूनच आत सोडायचे, आणि आमच्या वस्तीतल्या बाया तिथंच उभ्या राहायच्या. गावातल्या बाया उरलेल्या तीन बाजूंना. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. छप्पन्न सालानंतर आमच्या घरातले देव गेले, नमस्कार बदलला. विहिरीवरची जागा तीच राहिली.

टँकरचा हॉर्न वाजला की बालवाडीच्या बाईंनाही पळावं लागे. त्यांच्या घरी सात माणसं होती. मग तेवीस लेकरांना कुणी धरून ठेवायचं? शाळेच्या गुरुजींनी तोड काढली. टँकरच्या दिवशी सातवीतल्या एका मुलीनं बालवाडीत जाऊन लेकरांना वाचून दाखवायचं. लेकरं बसून राहतील आणि छापील भाषा त्यांच्या कानावरून जाईल, एका कामात दोन कामं. पहिल्या आठवड्यात तीन मुलींना पाठवून पाहिलं. लेकरं उठून गेली. मग मला पाठवलं. वस्तीतल्या मुलीला गावची लेकरं सांभाळायला देण्याची ती पहिलीच वेळ होती, हे वडिलांनी मला दोनदा सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "एका बी लेकराला खरचटलं तर आपल्याला गावात तोंड न्हाई. अन् धाकटीवर नजर ठेव. ती लई वढाळ हाय."

बालवाडीत गोष्टींची दोन पुस्तकं होती. एक वाळवीनं खाल्लं होतं. दुसरं लेकरांना इतकं पाठ होतं की मी पहिली ओळ वाचली की ती शेवटची ओळ म्हणून उठायला लागायची. सोळा पानं, चार मिनिटं. टँकर रिता होऊन बायांची गर्दी ओसरायला पाऊण तास लागायचा.

बाईंनी मग घरून कारखान्याचा वार्षिक अहवाल आणून दिला. त्यांचे सासरे सभासद होते. कागद गुळगुळीत, वर धुराड्याचा रंगीत फोटो, आत मोठमोठ्या चाकांचे आणि उसानं भरलेल्या बैलगाड्यांचे फोटो. ज्यांचे आईबाप तोडणीला जायचे ती लेकरं त्या गाड्यांमध्ये आपले बैल शोधायची. अहवालात सर्वसाधारण सभेपुढचे विषय एकापाठोपाठ छापलेले होते. मी पहिल्या दिवशी दुसरं काही न सुचून तेच वाचलं.

"विषय क्रमांक एक. मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मंजूर!" समोरून एक आवाज आला.

तो गावच्या सोसायटीच्या चेअरमनच्या नातीचा होता. साडेपाच वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाणार होती. आजोबांच्या मांडीवर बसून ती कारखान्याची सभा पाहून आली होती. तिनं बाकीच्यांना नियम समजावून सांगितला. वाचून झालं की सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं. मग जेवण असतं.

"जेवन हाय?" एकानं विचारलं.

"हाय की. बुंदी हाय."

दुसऱ्या विषयाला बावीस हात वर गेले आणि "मंजूर" असा गजर झाला. तो विरल्यावर मागच्या पोत्यावरून एक बारीक, चिरका आवाज आला.

"नामंजूर!"

ती माझी बहीण होती.

"कावून गं नामंजूर?" मी विचारलं.

"मला न्हाई आवडलं."

"काय न्हाई आवडलं?"

"समदंच."

"नामंजूर म्हननाऱ्याला बुंदी न्हाई भेटत," चेअरमनच्या नातीनं बजावलं. "आमचे आबा म्हनत्यात."

"मला बुंदी बी नामंजूर," धाकटी म्हणाली, आणि सगळी खोली हसली.

तेव्हापासून हीच रीत पडली. मी विषय वाचायचा, गजर व्हायचा, मागोमाग नामंजूर, मग हसू, मग पुढचा विषय. दहा विषय संपले की पुन्हा एकपासून. ताळेबंदाची पानं मी सोडून द्यायची, आकड्यांना कुणी मंजूर म्हणत नसे. महिनाभरात लेकरांना "इतिवृत्त", "गाळप", "सन्माननीय सभासद" हे शब्द त्यांच्या घरातल्या कित्येक मोठ्या माणसांपेक्षा स्वच्छ बोलता येऊ लागले. चेअरमनची नात माझ्याजवळ सरकून बसायची आणि वाचत असलेल्या ओळीखाली बोट फिरवायची. आधी बोट माझ्या आवाजाच्या मागे असायचं. होळीनंतर ते आवाजाबरोबर चालू लागलं.

मला एक सवय लागली, आणि चूक तिथंच झाली. वाचताना नजर कागदावर ठेवावी लागे, कारण अडखळले की लेकरं उठत. त्यामुळे ती जागेवर आहेत की नाही हे मी कानांनी पाहू लागले. गजर भरीव आला म्हणजे बावीस आहेत. त्यामागून नामंजूर आलं म्हणजे तेवीस. या हिशेबावर मी दोन महिने काढले. माझा त्याच्यावर विश्वास बसला होता.

त्या दिवशी टँकर तीन दिवसांच्या खंडानंतर आला, तोही भर दुपारी. हॉर्न वाजताच विहिरीकडून आलेला आवाज नेहमीचा नव्हता. घागरी एकमेकींवर आदळत होत्या, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. बाईंनी दोन्ही हातांत कळशा घेतल्या.

"वाच गं. मी येईस्तोवर बंद करायचं न्हाई. तू थांबलीस की ही उठत्यात."

मी वाचायला लागले. पहिला विषय, दुसरा विषय. खोलीत पत्र्याची धग होती आणि सुकडीच्या पोत्याचा वास होता. कोपऱ्यातला माठ तीन दिवस कोरडा होता. बाईंनी तो भिंतीशी पालथा घालून वर स्टीलचा ग्लास उपडा ठेवला होता. तिसऱ्या विषयाला माझा आवाज बसला. मी खाकरले आणि म्हणाले, "घसा वाळला. घोटभर पानी पायजे होतं."

हे मी कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते.

"विषय क्रमांक चार."

गजर झाला. मी नामंजूरची वाट पाहिली. आलं नाही. रुसली असेल असं वाटलं. सकाळी मी तिला वेणीवरून रागावले होते.

"विषय क्रमांक पाच."

गजर झाला. त्यामागं काही नव्हतं. हसूही नाही. लेकरांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण दोघा-तिघांनी मागं वळून पाहिलं. मग मी पाहिलं. पोत्यावर धाकटीची जागा रिकामी होती. माठावर ग्लास नव्हता.

मी सहावा विषय वाचला.

हे मी पुष्कळदा स्वतःशी तपासलं आहे. मला कळलं होतं की ती कुठं गेली आणि कशासाठी गेली. तरी मी "विषय क्रमांक सहा" असं म्हणाले आणि पूर्ण वाक्य संपवलं. पाय हलत नव्हते, हे एक. दुसरं असं की मी आवाज थांबवला तर बावीस जण उठतील आणि चौकटीतून उताराला लागतील, हे मला खात्रीनं माहीत होतं. एक माझी होती, बावीस लोकांची. आईनं दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या होत्या, आणि त्यातली आधी कुठली हे सांगितलं नव्हतं.

सहावा विषय मंजूर होत असताना मी वाचत वाचत चौकटीपर्यंत गेले. तिथून टँकरची मागची बाजू आणि बायांच्या पाठी दिसत होत्या. चार वर्षांचं मूल त्या पाठींच्या आत असेल तर दिसणं शक्य नव्हतं. मी परत फिरले आणि अहवाल चेअरमनच्या नातीच्या हातात दिला.

"तू वाच."

"मला येतं?"

"येतं. बोट ठेव अन् वाच. मी येईस्तोवर थांबू नको."

"अन् कुनी उठलं तर?"

"त्याला बुंदी न्हाई म्हनून सांग."

तिनं बोट ठेवलं. "विषय क्रमांक सहा," असं तिनं म्हटलेलं ऐकलं आणि मी पळाले. एकशे दहा पावलं त्या दिवशी किती झाली ते मोजलं नाही. पळताना मी दोन आवाज ऐकत होते. पुढून विहिरीवरचा गलका आणि मागून बारीक होत जाणारं "मंजूर". मागचा आवाज बंद पडला तर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं.

टँकर रिता व्हायची वाट न बघता बायांनी पोहरे सोडले होते. पूर्वेच्या बाजूला बायांच्या कमरांमधून वाट काढत मी आत घुसले. कुणीतरी कोपर मारलं, "आगं, नंबर हाय की!" म्हणालं. आणि मला ती दिसली. ढासळलेल्या कठड्यापासून दोन हातांवर, हातात स्टीलचा ग्लास धरून, अगदी शांत उभी होती. तिच्यापुढं आई होती, पाठ करून. आईनं पोहरा वर ओढून घागरीत रिता केला होता. ओढलेला ओला दोर तिच्या मागं जमिनीवर वेटोळी घालून पडला होता, आणि धाकटीचा उजवा पाय त्या वेटोळ्याच्या आत होता.

आई आता पोहरा खाली टाकणार होती. पोहरा चाळीस फूट खाली जायचा, दोर त्याच्यामागं सर्र निघायचा आणि वेटोळं आवळायचं.

मी "आई" अशी हाक मारली. तिथं किमान तीस आया होत्या आणि प्रत्येकीला कुणी ना कुणी हाक मारत होतं. एकीनंही वळून पाहिलं नाही. धाकटीच्या नावानं ओरडले, तेही गलक्यात बुडालं. झेप घ्यावी तर मध्ये घागरी मांडलेल्या होत्या, आणि मी धडकले असते तर ती पुढंच गेली असती. आईनं पोहरा उचलला.

माझ्या तोंडून मग निघालं ते वाचायच्या आवाजात निघालं. मी ते ठरवून म्हणाले नाही. दोन महिने दुसरं काही मोठ्यानं बोलायची सवयच राहिली नव्हती.

"विषय क्रमांक सात!"

धाकटीनं मान वळवली. मला पाहिलं. आणि होत्या नव्हत्या दमानं ओरडली, "नामंजूर!"

हा शब्द विहिरीवर कुणी उच्चारत नसे. आई गुडघ्याजवळून आलेल्या त्या आवाजानं दचकली आणि तिनं खाली पाहिलं. तिच्या हातून पोहरा सुटला नाही. एवढं एक वाक्य मी आजही सावकाश लिहिते. पोहरा सुटला नाही. तिनं तो हळूच जमिनीवर टेकवला, दोरावर स्वतःचा पाय दाबून धरला, धाकटीला दंडाला धरून वेटोळ्यातून वर उचललं आणि घागरींवरून माझ्याकडं दिलं. ती रागावली नाही, रडली नाही.

"बाकीची लेकरं कुनापशी हायेत?" तिनं विचारलं.

मी वळून चढावरच्या बालवाडीकडं पाहिलं.

"पळ," ती म्हणाली. मग धाकटीच्या हातातला ग्लास पाहून तिनं घागर कलती केली आणि तो भरून दिला.

धाकटीला कडेवर घेऊन चढाला लागले तेव्हा मी बालवाडीतला आवाज ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आला नाही. टँकरचं इंजिन सुरू झालं होतं. त्या चढावर मला जी भीती वाटली ती विहिरीवरच्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण विहिरीवर एकच मूल होतं.

"तूच म्हनलीस की, पानी पायजे," धाकटी कानाशी कुरकुरत होती. "सांडतंय. हळू चाल की, अक्का."

चौकटीशी आले. आतून आवाज आला, "विषय क्रमांक सहा." मग गजर. लेकरं हात वर करून बसली होती. चेअरमनची नात पान उलटत नव्हती. सहावा विषय संपला की ती पुन्हा सहावाच वाचत होती, शब्दाखाली बोट ठेवून, न चुकता. मी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. बावीस. मग पुन्हा मोजलं. त्या दिवसापासून कानांनी मोजणं बंद केलं.

"ही कितव्यांदा वाचतीये गं?" मी विचारलं.

"लई बार," एक लेकरू म्हणालं. "बुंदी कवा हाय?"

ग्लासात तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. धाकटीनं ते माझ्यापुढं धरलं. मी प्याले. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा, तेवढाच आठवतो.

बाई आल्या तेव्हा मी आठवा विषय वाचत होते. त्यांना काही कळलं नाही. पण मला माहीत होतं की लेकरं घरी जाऊन सांगणार, आणि चेअरमनची नात सगळ्यात आधी. दोन दिवस मी शाळेतून येताना गावातली वाट टाळून ओढ्याकडनं आले. तिसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः शाळेच्या ओट्यावर येऊन बसले आणि गुरुजींनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. चेअरमन उंच होते, फेटा बांधायचे. नात त्यांच्या बोटाला धरून उभी होती.

"हिनं सांगितलं, परवा हिनंच वाचलं म्हनं समद्यांना," ते म्हणाले. "खरं हाय का?"

मी मान हलवली.

"मला वाटलं पाठ केलंय पोरीनं. घरी अहवाल पुढं ठेवला. बोट ठेवून ठेवून वाचती की! सहावा विषय समदा वाचला. सातव्याला मातर अडती." त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "सातवा बी शिकव तिला."

तू तेव्हा कुठं होतीस, हे त्यांनी विचारलं नाही. नातीनं ते सांगितलं नसावं. सांगितलं असेल तर त्यांनी ते मनात ठेवलं असावं. दोन्हींपैकी काय, ते मला कळलं नाही. गावात ही गोष्ट कुणाच्याच तोंडी आली नाही.

घरी मात्र आली. विहिरीवर ते घडलं त्याच संध्याकाळी आईनं वडिलांना सांगितलं होतं. वडील खडीच्या धुळीनं पांढरे झालेले हात न धुता बसून राहिले आणि म्हणाले, "उद्यापासनं जायचं न्हाई. लोकाची लेकरं लोकांनी सांभाळावी."

"जाईल," आई म्हणाली.

"अन् परत असं झालं तर?"

"ती न्हाई गेली तर लेकरं कोन बसवनार? समदी विहिरीवर येतील. त्यात आपली बी." मग ती माझ्याकडं वळली. "धाकटीला मांडीवर घेऊन वाचायचं. एक हात पुस्तकाला, एक तिला. पानं तिला उलटू दे."

पुढच्या टँकरपासून तसंच झालं. धाकटी माझ्या मांडीवर बसून पानं उलटायची, बहुतेक वेळा दोन-दोन एकदम. सहाव्या विषयानंतर मी थांबायची आणि सातवा चेअरमनची नात वाचायची. आता नामंजूर थेट माझ्या हनुवटीखालून येई, कानठळ्या बसतील असं. तरीही मी तिचा फ्रॉक पाठीमागून मुठीत पिळून धरायची, टँकर रिता होऊन बाई परत येईस्तोवर. मूठ सैल करायची आठवण मला राहत नसे.

त्या उन्हाळ्यात त्या फ्रॉकची मागची शिवण दोनदा उसवली. आईनं ती दोन्ही वेळा चुलीपुढं बसून घातली, आणि कशानं उसवली असं एकदाही विचारलं नाही.